हमीद दलवाई : धर्माला प्रश्न विचारले, माणसाचा हात सोडला नाही

१७ सप्टेंबरला आपल्याकडे झेंडावंदन होतं. बीदर-कलबुर्गीत त्या दिवसाला आता कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणतात. पलीकडे उदगीर, लातूर, नांदेडला तोच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नाव वेगळं, दिवस एकच. त्यानंतर बारा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, हमीद दलवाईंचा जन्मदिवस येतो. तो मात्र सीमेच्या अलीकडे फारसा कुणाच्या लक्षात नसतो. दलवाई कोकणातले, काम पुण्या-मुंबईतलं. निजामाच्या राज्याशी त्यांचा तसा काही संबंध नाही. तरी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात असं वाटतं. पहिल्या तारखेने आपल्या भागात एक प्रश्न मागे ठेवला आणि दुसऱ्या तारखेला जन्मलेल्या या माणसाचं अख्खं आयुष्य त्याच प्रश्नाशी झुंजण्यात गेलं.

प्रश्न साधा दिसतो. एखाद्या धर्मावर, त्याच्या नावाने चालणाऱ्या कायद्यावर, त्याच्या नावाने होणाऱ्या राजकारणावर टीका करायची. पण तो धर्म पाळणाऱ्या माणसाचा दुस्वास करायचा नाही. हे जमतं का? टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो, हे ओळखायचं कसं?

आपल्या मातीतला अनुभव

बीदरजवळच्या अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातल्या अहमदशहा वली बहामनीच्या कबरीवर दरवर्षी उरूस भरतो. त्याला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत भाविक अल्लमप्रभू मानून नमस्कार करतात. या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम येतात, त्यांचा मान असतो. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाज दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या संस्थानात मुसलमान भक्त येतात. हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे.

पण याच भागात १९४८ साल घडलं. मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोर्टा गावात रझाकारांनी हत्याकांड केलं. सप्टेंबरात भारतीय फौज आली, रझाकारी संपली. आणि मग त्यांचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यातल्या असंख्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर मिळून २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी मोजले ते चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे आपलेच. तो अहवाल पुढे कित्येक वर्षं दडून राहिला.

रझाकारांचं राजकारण चुकीचं होतं, जुलमी होतं. ते तसं म्हणायलाच हवं होतं आणि अनेकांनी जिवावर उदार होऊन म्हटलं. पण कासिम रझवीच्या पापाचा हिशेब गावातल्या पिंजाऱ्याच्या, अत्ताराच्या नावे टाकला गेला, तिथे लढा संपला आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. वर्षानुवर्षं एकत्र उरूस केलेल्या माणसांकडून हे झालं. म्हणजे नुसतं गुण्यागोविंदाने राहणं पुरत नाही. कोणाशी भांडतोय आणि कशाशी भांडतोय, हे स्वतःशी साफ असावं लागतं. दलवाईंचं आयुष्य वाचायचं ते यासाठी.

मिरजोळीचा मुलगा

हमीद उमर दलवाई यांचा जन्म १९३२ सालचा. गाव मिरजोळी, चिपळूणच्या अगदी जवळ. कोकणी मुसलमानांचं घर. आपल्याकडे मुसलमान म्हटलं की दखनी किंवा उर्दू कानावर येते. कोकणात तसं नाही. तिथल्या मुसलमानांची बोली कोकणी-मराठी वळणाची. दलवाई मराठीत शिकले, मराठीत लिहू लागले. लहान वयात राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गेले आणि समाजवादी विचारांच्या माणसांत वाढले. पुढे मुंबईला आले. आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकात त्यांनी पत्रकारी केली.

आधी ते कथालेखक होते, हे बरेचजण विसरतात. ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह १९६१ चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. ‘इंधन’मध्ये मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस आहे. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, इतर जाती आहेत. जुने हेवेदावे, जमिनीचे वाद, सणाचा मान, बायकांवरून उठणारी कुजबुज, हे सगळं साठत जातं आणि पेट घेतं. कादंबरीत एकही जमात धुतल्या तांदळासारखी नाही आणि एकही जमात राक्षसांची नाही. पुढे ज्यांच्यावर मुसलमानांचा शत्रू असा शिक्का बसला, त्या माणसाने मुसलमानांच्या घरातली माणसं इतक्या जवळून, इतक्या मायेने लिहिली होती. मराठीत त्याआधी हे घर आतून फारसं कुणी दाखवलंच नव्हतं.

१९५६ साली त्यांचं लग्न पुण्याच्या मेहरुन्निसा यांच्याशी झालं. मेहरुन्निसा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. निकाह रीतीप्रमाणे झाला आणि नंतर दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. त्याचा अर्थ असा की तोंडी तलाक आणि दुसरी बायको करण्याची मुभा दलवाईंनी आधी स्वतःच्या हाताने सोडली. दुसऱ्याला सांगायच्या आधी घरात केलं.

सात बायकांचा मोर्चा

१९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करणं कायद्याने बंद झालं, हिंदू बाईला घटस्फोट मागता येऊ लागला. तोही सुखासुखी झाला नव्हता. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. धर्म बुडाला अशी ओरड तेव्हाही झाली होती. पण कायदा झाला. मुसलमान बाई मात्र होती तिथेच राहिली. नवऱ्याने तीन वेळा एक शब्द उच्चारला की संसार संपला. नोटीस नाही, कारण नाही, कोर्ट नाही. मुलांना घेऊन माहेरी जायचं, आणि माहेरी भाऊ-भावजय ठेवतील तेवढे दिवस राहायचं.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधान भवनावर एक मोर्चा गेला. मोर्चात बायका होत्या सात. सातही मुसलमान. त्यात मेहरुन्निसा होत्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्या नागरिकांना एकच कौटुंबिक कायदा करा, अशी मागणी त्यांनी केली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. आज सात माणसांच्या मोर्चाची बातमी आमच्यासारखा वार्ताहर आतल्या पानावर चार ओळींत संपवेल. पण या देशात मुसलमान बायका स्वतः रस्त्यावर येऊन आपल्या तलाकाबद्दल बोलल्या, त्याची सुरुवात म्हणून याच मोर्चाकडे बोट दाखवलं जातं.

दलवाईंच्या टीकेचं मूळ इथे आहे. ग्रंथात काय लिहिलंय यावरून त्यांचं भांडण सुरू झालं नाही. दारात उभ्या राहिलेल्या टाकलेल्या बाईपासून ते सुरू झालं, आणि तिच्या मागोमाग जात ते कायद्यापर्यंत, मग धर्मग्रंथापर्यंत पोचले. तिथेही ते थांबले नाहीत. धर्मग्रंथ माणसांच्या इतिहासात तयार होतात, ते तपासता आले पाहिजेत, असं त्यांनी उघड मांडलं. कोणतीही गोष्ट प्रश्नाच्या पलीकडची मानली नाही. ही टीका सौम्य नव्हती. ऐकणाऱ्याला झोंबेल अशीच होती.

सत्यशोधक हे नाव

१९६८ मध्ये प्रा. अ. भि. शहा यांच्यासोबत दलवाई इंडियन सेक्युलर सोसायटीच्या कामात होते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नाव नीट बघा. सत्यशोधक हा शब्द महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या समाजाकडून घेतला. आणि त्याच्या आधी मुस्लिम हा शब्द ठेवला. दलवाई देवधर्म मानत नव्हते, तरी धर्मांतर केलं नाही, समाज सोडून बाजूलाही झाले नाहीत. मी यांच्यातलाच आहे आणि म्हणून बोलतो, ही त्यांची जागा होती.

फुल्यांनी ब्राह्मणी धर्मावर आसूड ओढला. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली. आपल्या बसवण्णांनी बाराव्या शतकात कल्याणला यज्ञ, सोवळंओवळं, जातीची उतरंड नाकारली. ही टीका कडक होती, तिने लोक दुखावलेही. पण तिच्यामुळे कुणाचं पाणी तुटलं नाही. उलट तोडलेलं पाणी मोकळं व्हायला मदत झाली. दलवाईंनी स्वतःला याच रांगेत उभं केलं.

मंडळात आलेल्या कार्यकर्त्यांत पुण्याचे सय्यदभाई होते. त्यांच्या स्वतःच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता; त्या घावातून ते या कामात आले आणि पुढची पन्नास वर्षं राहिले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये ते गेले. मंडळाचं रोजचं काम म्हणजे टाकलेल्या बायकांना सल्ला देणं, पोटगीसाठी धडपडणं, मुलामुलींच्या शिक्षणासाठी लोकांना समजावणं. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद झाली, बायकांनी व्यासपीठावरून आपली कहाणी सांगितली.

दोन्हीकडून मार

दलवाईंच्या सभा उधळल्या गेल्या. उर्दू वृत्तपत्रांतून त्यांच्यावर झोड उठली. ते मुसलमानच नाहीत, त्यांना बोलायचा अधिकार नाही, असं सांगितलं गेलं. हे अपेक्षित होतं. दुसरा मार जास्त अवघड होता. अनेक पुरोगामी मित्र म्हणत, मुद्दा बरोबर आहे, पण आत्ता बोलू नका. तुमचं बोलणं हिंदुत्ववाद्यांच्या हातातलं कोलीत होईल.

ही भीती खोटी नव्हती. दलवाईंची मुसलमानांवरची टीका तेवढी उचलायची आणि बाकीचा दलवाई फेकून द्यायचा, हा उद्योग तेव्हाही होता, आजही आहे. त्यांनी यावर काय केलं? बोलणं थांबवलं नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सोडलं नाही. हिंदू जातीयवादावर, पोथीनिष्ठेवर, मुसलमानांना परकं मानण्याच्या वृत्तीवर त्यांनी तितकंच स्पष्ट लिहिलं. मुसलमान समाज आधुनिक व्हायचा असेल तर हिंदू समाजही आधुनिक व्हावा लागेल, आणि हिंदू मागे वळला तर मुसलमान सुधारकाच्या पायाखालची जमीन जाईल, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या विचारांचा अर्धाच भाग ज्याला आवडतो, त्याने दलवाई वाचलेले नाहीत असं खुशाल समजावं.

त्यांचं सगळंच पटेल असं नाही. माणसाच्या श्रद्धेत त्याला मिळणारा आधार त्यांनी कमी लेखला, असं सहानुभूतीने वाचणारेही म्हणतात. त्यांच्या मागे मुसलमान समाजातून फार थोडे आले, हेही खरं. उर्दूऐवजी प्रदेशाच्या भाषेत शिका, हा त्यांचा आग्रह होता. तो वाचताना कर्नाटकातला मराठी माणूस जरा थबकेल. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या मराठी शाळांसाठी आपण भांडतो तेव्हा हाच सल्ला आपल्याला कुणी दिला तर आपल्याला गोड लागत नाही.

आणि इथेच आपल्याला एक गोष्ट चटकन कळायला हवी. सीमाप्रश्नावर मराठी माणसाची मागणी चुकीची आहे असं एखाद्या कन्नड माणसाने म्हणणं, त्यासाठी कागद, नकाशे, आकडे मांडणं, ही टीका झाली. ती आपण ऐकतो, उत्तर देतो. पण बेळगावात ताण वाढला म्हणून महाराष्ट्राच्या बसला काळं फासलं, मग उत्तर म्हणून तिकडे कर्नाटकाच्या बसला फासलं, तेव्हा त्या बसमध्ये बसलेल्या बाईचा नकाशाशी काय संबंध असतो? हा फरक आपल्या अंगावर आला की आपल्याला लगेच समजतो. दुसऱ्याच्या अंगावर जातो तेव्हा समजायला वेळ लागतो, एवढंच.

जमा आणि नावे

आम्ही कॉमर्सवाले कोणताही व्यवहार समजून घ्यायला आधी विचारतो : जमा कुठे झालं आणि नावे कुणाच्या पडलं? दलवाईंचं काम या कसोटीला लावून बघा. त्यांची प्रत्येक मागणी मुसलमान माणसाच्या, त्यातही मुसलमान बाईच्या, खात्यावर काहीतरी जमा करणारी होती. पोटगी, सुरक्षित संसार, शाळा, समान नागरिकत्व. द्वेषाचा व्यवहार उलटा असतो. शब्द तेच असतात, तोंडी तलाक, बुरखा, चार बायका. पण शेवटी समोरच्याचं काहीतरी काढून घेतलं जातं. घर भाड्याने मिळत नाही, दुकानावर बहिष्कार पडतो, पोराला टोमणे बसतात.

बुरख्यावर टीका करता येते, खुद्द मुसलमान बायकांनी केलेली आहे. पण २०२२ मध्ये आपल्याच राज्यात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं गेलं, तेव्हा त्यांच्या खात्यातून गेलं ते शिक्षण. ज्या टीकेने मुलीची परीक्षा बुडते, ती तिच्या भल्यासाठी आहे हे पटवणं कठीण आहे.

याची दुसरी बाजूही आहे. धर्मावरच्या प्रत्येक प्रश्नाला द्वेष म्हणून गप्प करायचं, हीसुद्धा लबाडीच. त्यात जमा होतं ते मौलवी, महंत, मठाधीश यांच्या खात्यावर, आणि नावे पडतं ते घरातल्या दुबळ्या माणसाच्या. १९६६ मध्ये त्या सात बायकांना, समाजाची बदनामी नको, गप्प बसा, असं सांगितलं असतं तर ती माया ठरली नसती. मुसलमान शेजाऱ्याला टीका सहन होणार नाही असं धरून चालणं म्हणजे त्याला आपल्याएवढा मोठा माणूस न मानणं.

शेवट आणि नंतर

दलवाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, ती त्या काळी फार जोखमीची. आजारपणातले बरेच दिवस ते मुंबईत शरद पवारांच्या घरी होते. ३ मे १९७७ रोजी ते गेले. वय अवघं ४४. दफन करू नये, कोणताही धार्मिक विधी न करता दहन करावं, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. त्याप्रमाणे मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्याने अनेकजण दुखावले. पण हा निर्णय त्यांनी स्वतःच्या देहापुरता घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या कबरीला हात लावला नव्हता.

मेहरुन्निसाताईंनी काम सोडलं नाही. १९८५ मध्ये शाहबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क मान्य केला आणि त्याविरुद्ध देशभर गदारोळ उठला. त्याच काळात कोल्हापुरातून तलाकमुक्ती मोर्चा निघाला, त्यात त्या पुढे होत्या. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. २२ ऑगस्ट २०१७ ला शायराबानो खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. सात बायकांच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षं झाली होती. मेहरुन्निसाताई त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या. निकाल बघायला त्या नव्हत्या.

२०१९ च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्यावर मुसलमान बायकांतच दोन मतं आहेत. काहींना धाक हवा होता. काही विचारतात, नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार? हा वाद चालू द्यावा. बाईच्या पदरात नेमकं काय पडलं, हे विचारूनच तो सुटेल, आणि दलवाईंची रीतही तीच होती.

सीमाभागात मराठी वाचणाऱ्यांची एक सोय आहे. दलवाईंनी जे लिहिलं ते मूळ मराठीत आहे, अनुवादाची वाट बघावी लागत नाही. ‘इंधन’ आणि मेहरुन्निसाताईंचं आत्मकथन ‘मी भरून पावले आहे’ ही दोन पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. नसतील तर यादीत लिहून या. आधी कादंबरी वाचावी, मग त्यांचे वैचारिक लेख. आधी माणसं भेटली की पुढची टीका कुणासाठी केली आहे ते आपोआप कळतं.